कौसर मॅडमची दुसरी अट

कौसर मॅडम कुठलीही वस्तू एकदा ठेवून गप्प बसत न्हाईत. चहाचा कप टेबलावर ठेवला की एका बोटानं त्याला थोडा डावीकडं ढकलतात, मंग उजवीकडं, मंग पुढं, मंग मागं, आणि शेवटी कप जिथं होता तिथंच परत आणतात. त्यानंतर पहिला घोट. तोवर चहावर साय आलेली असते. तीन वर्षं मी त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून राह्यले, पण त्यांनी गरम चहा पेलेला मी काही पाह्यला न्हाई.

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "मॅडम, कपाला काही झालं का?"

"न्हाई बेटा. जागा बराबर आहे का ते बघून राह्यले."

"मंग होती का बराबर?"

"होती. पण होती हे आत्ता कळलं. आधी नुसतं वाटत होतं."

मी मान हलवली आणि मनात म्हणलं, शीतल, आपल्याला नोकरी कुठं लागली.

बदनापूरच्या एका कॉलेजात आम्ही दोघी गणित शिकवतो. त्या वीस वर्षांपासून, मी तीन. दोघी जालन्यात राहतो, सकाळच्या एकाच गाडीनं येतो, संध्याकाळच्या एकाच गाडीनं जातो. त्या जुन्या जालन्यात अम्मीसोबत राहतात. मी मूळची वाटूरची, जालन्यात खोली करून राह्यले. आता पुढचं सांगायच्या आधी एक गोष्ट कबूल करून टाकते, न्हाईतर तुम्हाला वाटंल मी मॅडमची तारीफ करायला बसले. मी मॅडमवर जळते. थोडं न्हाई, लई. उन्हाळ्यात टिनाचा पत्रा तापतो ना, तसं. का जळते ते सांगतेच, पण आधी गोटी.

मॅडमच्या पर्समधी अत्तराची एक रिकामी डबी असते आणि तिच्यात एक हिरवी काचेची गोटी. ही गोटी त्या कुठंही ठेवतात. बाकावर, पायरीवर, खिडकीच्या कट्ट्यावर. आमच्या प्राचार्यांच्या केबिनला नवीन टेबल आल्तं तेव्हा सगळा स्टाफ बघायला गेल्ता. सगळे म्हणाले, वा सर, काय टेबल आहे, आरसाच. मॅडमनी पर्स उघडली. गोटी टेबलाच्या मधोमध ठेवली. गोटी जराशी थांबली, मंग निघाली आणि आरामात जाऊन प्राचार्यांच्या मांडीवर पडली.

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हे काय?"

"काही न्हाई सर. दिसायला सपाट आहे."

त्या दिवसापासून टेबलाच्या एका पायाखाली जुन्या प्रश्नपत्रिकेची घडी आहे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मेमो आला असता. मॅडमला प्राचार्य म्हणाले, बरं झालं तुम्ही सांगितलं. बघा, इथून जळायला सुरुवात होते.

गाडीतही तेच. डब्यात चढल्या की एका जागी बसतात. मंग उठून तिच्या डावीकडच्या जागी बसतात. मंग उजवीकडच्या. मंग समोरच्या. आणि फिरून पहिल्या जागी येऊन म्हणतात, "आता खात्री झाली." रोजच्या बायका पाय बाजूला घेऊन त्यांना वाट देतात, जशी देवळात प्रदक्षिणेला द्यावी. एकदा एका नवीन बाईनं विचारलं, "ताई, काही हरवलं का?" तर डब्यातल्या तिघीचौघी एकदम म्हणाल्या, "न्हाई, त्यांची खात्री चालू आहे."

लग्न काहून केलं न्हाई असं कुणी विचारलं तरी उत्तर तयार. "इकडं तिकडं थोडं हलून पाह्यलं होतं. सगळीकडं चढ लागला." ऐकणारा हसतो. त्यांच्याकडं बघितलं तर त्या हसत असतात का न्हाई ते काही कळत न्हाई, कारण तोवर त्या कप ढकलायला लागलेल्या असतात.

आता ही गोटी आणि हे ढकलणं कुठून आलं? वर्गातून. आमच्या विषयात एक प्रकार असतो. एखादी गोष्ट कमीत कमी करायची असते. वेळ, अंतर, कापड, काहीही. पण मनाला येईल तसं करता येत न्हाई, बंधनं असतात. बंधनं पाळून सगळ्यात खालची जागा शोधायची, म्हणजे तळ. तळाची पहिली अट अशी की तिथं सपाट पाहिजे. पोरं इथंच खूष होतात, सपाट सापडलं की पेन खाली. पण सपाट तर डोंगराचा माथापण असतो. आणि बैलाच्या पाठीचा मधला भागपण, पुढं-मागं चढ, दोन्ही बाजूंना उतार, त्याला आमच्यात खोगीर म्हणतात. म्हणून दुसरी अट. त्या जागेवरून थोडं हलून बघायचं, सगळीकडं चढ लागला तरच तो तळ. पुस्तकात याला अर्धं पान सूत्र आहे. मी ते अर्धं पान फळ्यावर एका दमात लिहिते, माझं अक्षर चांगलं आहे. मॅडम एकच वाक्य म्हणतात.

"सपाट आहे, मान्य. हलवून पाह्यलं का?"

आणि माझा तास संपला की माझी पोरं वही घेऊन त्यांच्या टेबलापाशी जातात. माझ्या समोरून. मी तिथंच बसलेली असते. "मॅडम, शीतल मॅडमनी शिकवलं, ते जरा समजावून सांगता का?" यापेक्षा मला कुणी उन्हात उभं केलं असतं तर बरं.

तिसऱ्या वर्षाची एक पोरगी माझ्याकडं आल्ती. बी.एड. करू का स्पर्धा परीक्षेचा क्लास लावू, सध्या सगळं सपाटच वाटून राह्यलंय म्हणाली. मी तिला पाऊण तास दिला. फळ्यावर तक्ता काढला, फायदे, तोटे, सगळं. ती थँक्यू म्हणून मॅडमकडं गेली. मॅडम म्हणाल्या, "एक दिवस बी.एड.च्या वर्गात जाऊन बस. एक दिवस क्लासला जाऊन बस. मंग ये." ती आठवड्यानं परत आली आणि म्हणाली, "दोन्हीकडं चढ लागला मॅडम. मला इथंच एम.एस्सी. करायचंय." आता ती दर हिवाळ्यात मॅडमला बोरं आणून देते. फळ्यावरचा माझा तक्ता शिपायानं पुसला.

सगळ्यात वाईट म्हणजे आमचे अण्णा. माझे वडील, सख्खे. वाटूरला आमची मोसंबीची बाग आहे. एकदा मला भेटायला कॉलेजात आल्ते, पिशवीभर मोसंब्या घेऊन. मॅडमनी एक मोसंबी निवडली, तिच्या शेजारच्या चार उचलून पाह्यल्या, परत पहिलीच घेतली आणि म्हणाल्या, "हीच." अण्णा एवढे खूष झाले की विचारू नका. "चाळीस वर्षं बाग करतो, पण असं फळ पारखणारं माणूस पाह्यलं न्हाई." आणि पिशवीतल्या अर्ध्याच्या वर मोसंब्या तिथंच ठेवून गेले. आता फोन केला की पहिला प्रश्न, "गोटीवाल्या बाई कशा आहेत?" मी कशी आहे हे दुसऱ्या नंबरवर. कधी कधी रेंज जाते आणि दुसरा नंबर येतच न्हाई.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण पीएच.डी.चं न्हाई.

माझे गाईड सर विद्यापीठात असतात. अठरा वर्षांपूर्वी कौसर मॅडम त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करून राह्यल्या होत्या, हाच विषय, बंधनं असलेल्या तळाची दुसरी अट. मंग अम्मीला अर्धांगवायू झाला आणि मॅडमनी काम अर्ध्यात सोडलं. मी सरांकडं काहीही घेऊन गेले की सर चष्मा काढून खिडकीकडं बघायचे. "कौसर असती तर तिनं इथं एक ओळ कमी लिहिली असती." तीन वर्षं मी ही एक ओळ शोधून राह्यले. आणि निघताना दर वेळी, "एकदा कौसरला दाखव." मी "हो सर" म्हणायचे. कधीच दाखवलं न्हाई. कागद बॅगेत असायचे, बॅग मांडीवर असायची, आणि मॅडम गाडीत माझ्या शेजारी बसलेल्या असायच्या. मला वाटायचं, एवढं एक तरी माझं असू दे. पोरं तुमची, प्राचार्य तुमचे, माझे अण्णापण तुमचे. हा शेवटचा चॅप्टर माझा.

चॅप्टर अण्णांच्या शेततळ्यावर होता. शेततळ्याला आतून प्लास्टिकचा कागद अंथरतात, पाणी मुरू नये म्हणून. पाणी ठरलेलं. तेवढंच पाणी राहील आणि कागद कमीत कमी लागंल, असं तळं किती रुंद आणि किती खोल पाहिजे? अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "तळं तर कवाच झालं. आता हिशोब काहून करून राह्यली?" पण मी उतार धरला, कोपरे धरले, कागदाची घडी धरली, सपाट जागा काढली. पहिली अट पास. मंग दुसऱ्या अटीसाठी कॉम्प्युटरला दिलं. कॉम्प्युटर म्हणाला, एका दिशेला उतार आहे. म्हणजे हा तळ न्हाई. म्हणजे बैलाची पाठ.

सेमिनारला आठ दिवस राह्यले होते. विद्यापीठात सगळ्यांसमोर काम सांगायचं, बाहेरचे परीक्षक येणार, ते हो म्हणाले तर प्रबंध जमा करता येतो, न्हाई म्हणाले तर एक वर्ष मागं. मी आकडे बदलून पाह्यले. पुन्हा तेच. चार दिवस मी जेवले का न्हाई ते मला आठवत न्हाई. सरांना फोन केला असता तर ते काय म्हणाले असते ते मला पाठ होतं.

मंग एका संध्याकाळी बदनापूर स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर आम्ही दोघी उभ्या होतो. गाडी लेट होती. मॅडमनी कप कट्ट्यावर ठेवला, डावीकडं ढकलला, उजवीकडं ढकलला. मी म्हणाले, "मॅडम, माझी एक मैत्रीण आहे. परतूरची. तिचा एक प्रश्न आहे."

मॅडमचं बोट कपावरच थांबलं. "बोल."

"तिला कागद कमीत कमी करायचाय. शेततळ्याचा."

"परतूरला पण शेततळं आहे का?"

"आहे. सगळीकडं आहेत आता."

"बरं. पाणी तेवढंच ठेवायचं?"

"तेवढंच. तिनं सपाट जागा शोधली, पहिली अट बिलकुल पास आहे. पण हलवून पाह्यलं तर एका दिशेला उतार लागतोय. म्हणजे खोगीरच झालं ना मॅडम. माझा चॅप्टर गेला." मंग मी सुधारलं. "तिचा."

मॅडमनी चहा तसाच ठेवला. टपरीच्या बाजूला कडब्याची एक बैलगाडी सोडलेली होती, दोन्ही बैल बांधलेले, खाऊन राह्यले होते, आणि गाडीवाला म्हातारा विडी ओढत बसला होता. मॅडम सरळ त्याच्याकडं गेल्या.

"बाबा, हा बैल गरीब आहे का?"

"गरीब आहे. काहून?"

"पाठीवर गोटी ठेवायचीय."

म्हाताऱ्यानं विडी तोंडातून काढली. "नजर उतरवायचीय का?"

"न्हाई, गणित शिकवायचंय."

"बैलाला?"

"हिच्या मैत्रिणीला."

म्हाताऱ्यानं मैत्रीण कुठं दिसते का ते पाह्यलं, मागं वळूनपण पाह्यलं, आणि मंग म्हणाला, "ठेवा. पण शेपटीकडं उभं राहू नका."

मॅडमनी डबी उघडली आणि गोटी बैलाच्या पाठीवर मधोमध ठेवली. खांद्यावरचं वशिंड आणि मागचा पुठ्ठा यांच्या मधी जिथं खोलगट असतं तिथं. गोटी लगेच बरगड्यांवरून घसरली. मॅडमनी ती खाली पदरात झेलली.

"पडली," मी म्हणाले.

"म्हणून मैत्रीण रडून राह्यली. थांब." त्यांनी म्हाताऱ्याकडून गाडीच्या दोन दोऱ्या मागून घेतल्या, कण्याच्या दोन्ही बाजूंनी लांब ताणल्या, वशिंडापासून पुठ्ठ्यापर्यंत, मधी बोटभर फट. "तू तिकडून धर. घट्ट." मी धरलं. त्यांनी गोटी वशिंडाकडून दोन दोऱ्यांच्या मधी सोडली. गोटी खाली आली, थोडी पुढं चढली, मागं आली, पुन्हा पुढं गेली, आणि खोलगट जागी थांबली.

"आता?"

"थांबली."

"बैल बदलला का?"

"न्हाई."

"पाठ बदलली का?"

"न्हाई मॅडम."

"परवानगी बदलली. मैत्रिणीला विचार, तुला पाणी तेवढंच ठेवायचंय ना? मंग तळं उथळ केलं की रुंद करावंच लागंल, खोल केलं की अरुंद. तिला मनासारखं कुठंही जाता येत न्हाई, तिची वाट एवढीच, या दोन दोऱ्यांमधली. तिचा कॉम्प्युटर गोटीला बरगड्यांकडं सोडून राह्यलाय. तिकडं उतार असंल न्हाईतर खाई असंल, तिकडं गेलं की पाणीच बदलतं. जिथं जायची परवानगीच न्हाई तिथला उतार काहून मोजायचा?" मंग सहज, "मैत्रिणीनं दुसऱ्या अटीचा प्रोग्राम नवीन लिहिला का जुनाच वापरला?"

माझ्या हातातली दोरी ढिली झाली. जुनाच. दुसऱ्या चॅप्टरचा. त्या चॅप्टरमधी बंधनच नव्हतं, म्हणून प्रोग्राम सगळ्या दिशांनी तपासायचा. तोच मी शेवटच्या चॅप्टरला जसाच्या तसा लावल्ता. दुसरी अट बंधनाच्या वाटेवरच तपासायची असते, हे मी स्वतः वर्गात शिकवते. परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी घेतलेत. पण ते अर्धं पान माझ्या हातात होतं, डोक्यात काही उतरलं नव्हतं.

तेवढ्यात बैलाच्या पाठीवर माशी बसली. बैलानं कातडी थरथरवली आणि गोटी उडून कडब्यात गेली.

मॅडम गुडघ्यावर बसल्या. साडीचं काही बघितलं न्हाई, पेंढी पेंढी उचलून शोधायला लागल्या. गाडी आली. मी म्हणाले, मॅडम, गाडी. त्या म्हणाल्या, तू जा. गाडी गेली. मी पण गेले न्हाई, कडब्यात हात घालून बसले. शेवटी म्हाताऱ्यालाच सापडली, बैलाच्या पायापाशी. मॅडमनी गोटी पदरानं पुसली, डबीत ठेवली, आणि आम्ही काळीपिवळी जीपमधी दाटीवाटीनं बसून जालन्याला आलो.  उतरताना मॅडम म्हणाल्या, "मैत्रिणीचा सेमिनार कधी आहे?"

"सोमवारी."

"तिला सांग, जेवून जा."

खोलीवर आल्या आल्या मी आधी साध्या चौकोनी हौदावर करून पाह्यलं, वरून उघडा, चार भिंती, एक तळ. सगळ्या दिशांनी बघितलं तर खोगीर. पाणी तेवढंच ठेवून बघितलं तर उत्तर आलं सहा. धन सहा. म्हणजे चढ. म्हणजे तळ. मंग प्रोग्राम बदलून अण्णांचं तळं घातलं, तेही पास. मी जेवले.

सोमवारी सेमिनारला परीक्षकांनी नेमकं तिथंच बोट ठेवलं. "हे चिन्ह इथं ऋण दिसतंय. तरी तुम्ही याला किमान कसं म्हणता?" मी फळ्यावर बैल काढला. वशिंड, पुठ्ठा, दोन दोऱ्या, गोटी. सगळा हॉल हसला आणि मंग सगळ्यांना कळलं, शेवटच्या रांगेतल्या क्लार्कलापण. परीक्षकांनी हसत विचारलं, "फारच छान. उदाहरण तुमचं का?"

मी म्हणाले, "हो सर."

असं कसं निघालं ते मला माहीत न्हाई. न्हाई, माहीत आहे. पहिल्या रांगेत गाईड सर बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पण खिडकीकडं बघितलं न्हाई. माझ्याकडं बघितलं.

मंगळवारी सकाळी मी गाडीत अर्धा किलो पेढे घेऊन बसले होते. चोरीच्या मालाचे पेढे. मॅडम चढल्या आणि सरळ माझ्या शेजारी बसल्या. डावी जागा न्हाई, उजवी जागा न्हाई. समोरच्या काकूंनी सवयीनं पाय बाजूला घेतले होते, ते त्यांनी गुपचूप परत ठेवले.

"मैत्रीण पास झाली का?" मॅडमनी विचारलं.

"झाली." मी पेढा पुढं केला. त्यांनी घेतला. खाल्ला न्हाई, हातातच धरला. मी म्हणाले, "पण मॅडम, तिनं एक वाईट काम केलं. परीक्षकांनी विचारलं बैल कुणाचा, तर ती म्हणाली माझा."

"ठाऊक आहे. सरांचा फोन आल्ता, बैल तुझाच ना म्हणून."

मला वाटलं डब्याचा तळ उघडावा आणि मी रुळावर पडावं. मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. बाहेर सरकीची पोती भरलेला ट्रक फाटकापाशी उभा होता. तो मागं गेल्यावर त्या म्हणाल्या, "माझी पण एक मैत्रीण आहे."

मी पेढ्यांचा पुडा बंद केला.

"तिनं एक काम अर्ध्यात ठेवल्तं. बरेच दिवस झाले. मंग सरांनी सांगितलं, एक नवीन पोरगी आली, हुशार आहे, तेच काम करून राह्यली. मैत्रीण म्हणाली, अच्छी बात है. मंग ती पोरगी तिच्याच कॉलेजला लागली. तिच्याच समोर बसायला लागली. तिच्याच गाडीत." त्यांनी पेढा या हातातून त्या हातात घेतला. "मैत्रीण लई जळायची, बेटा. पोरगी पटापट फळ्यावर लिहायची. तिच्या मागं तिचा बाप मोसंब्या घेऊन आला. बॅगेत कागद दिसायचे, कोपरे बाहेर आलेले. पोरगी दाखवायची न्हाई. मैत्रिणीला मागता आलं असतं. मागायची न्हाई. तीन साल. परवा पोरगी चार दिवस जेवली न्हाई ते पण मैत्रिणीला दिसत होतं. तरी तिनं स्वतःहून विचारलं न्हाई. वाईट काम दोघींनी केलं."

"मॅडम, मी..."

"त्या दिवशी बैलापासून घरी गेले आणि अम्मीला सांगितलं, अम्मी, अठरा वर्षांनी आज कुणीतरी मला दुसरी अट विचारली. अम्मीला ऐकू येत न्हाई आता. तरी दोनदा सांगितलं."

आता त्या मैत्रीण म्हणायचं विसरल्या होत्या. मी आठवण करून दिली न्हाई.

तीन वर्षं मी त्यांना बरगड्यांकडून बघत होते, म्हणून त्या मला उंचावर दिसायच्या. त्या तिथंच बसून वशिंडाकडून बघत होत्या, त्यांना आपण खाली आणि जग वर दिसायचं. जागा एकच होती.

मी बॅगेतून चॅप्टर काढला. परीक्षकांनी चार सुधारणा सांगितल्या होत्या. पाचवी मी रात्रीच लिहिली होती, बैलाच्या चित्राखाली, उदाहरण कोणाचं ते, त्यांचं पूर्ण नाव. कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी वाचला. मंग पर्समधून पेन काढलं, बाकीचं पान वाचायला लागल्या, आणि तिसऱ्या परिच्छेदातली एक ओळ शांतपणे खोडली.

"ही नसली तरी चालतं," त्या म्हणाल्या.

खरंच चालत होतं. तीच ती ओळ, तीन वर्षं शोधलेली. आणि खरं सांगते, त्या क्षणीही मी जळलेच. अजून जळते. काल अण्णांचा फोन आल्ता, पहिला प्रश्न तोच.

पेढा त्यांनी तेव्हा खाल्ला. बदनापूर यायला पाचच मिनिटं होती. मॅडम उठल्या. मला वाटलं दाराकडं जाऊन राह्यल्या. पण त्या बाकाच्या डाव्या टोकाला जाऊन बसल्या. मंग उजवीकडं. मंग समोर, काकूंच्या शेजारी.

काकू म्हणाल्या, "ताई, स्टेशन आलं की. आता उतरायच्या टायमाला काहून हलता?"

"खात्री करून राह्यले," मॅडम म्हणाल्या, आणि परत माझ्या शेजारी येऊन बसल्या.